"तिचं तर विचारूच नका" आणि चार श्रेयांक

मला इंटर्नशिपचा समन्वयक केलं ते मी मीटिंगला उशिरा पोचलो म्हणून. आमच्या कॉलेजात नवं काम आलं की हजर असलेले सगळे टेबलाकडे बघत बसतात आणि गैरहजर माणसाचं नाव एकमतानं मंजूर होतं. मी दारातून आत शिरलो तेव्हा टाळ्या वाजल्या. मला वाटलं, चहा आला.

घरी येऊन सांगितलं. आम्ही नवरा-बायको मूळचे मलकापूरकडचे, नोकरीपायी देऊळगाव राजाला येऊन राहिलेलो. त्यामुळे मी वर्गात 'मला' म्हणतो आणि उंबरठा ओलांडला की 'मले'. बायको म्हणाली, "तुमालेच काऊन देलं हे काम?"

"अनुभव पाहून."

"कोनाचा?"

मी जेवायला बसलो.

काम तसं सोपं होतं. नव्या अभ्यासक्रमात शेवटच्या सत्राला प्रत्येक विद्यार्थ्यानं कॉलेजाबाहेर कुठंतरी ठरलेले तास काम करायचं, शिकायचं आणि त्याचे चार श्रेयांक मिळवायचे. गुण पन्नास, पास व्हायला वीस. गुण कॉलेजनं द्यायचे, पण पोरगं जिथं राबलं तिथल्या माणसाला विचारून. समन्वयकानं त्या त्या ठिकाणी प्रत्यक्ष भेट द्यावी, अशीही एक ओळ नियमांत होती. ती मी वाचली होती. वाचली होती, एवढंच.

श्रेयांक हा शब्द मला आवडतो. त्यात श्रेय आहे आणि अंकही आहे. यातला अंक द्यायला आम्ही मास्तर लोक कायम तयार असतो. श्रेय द्यायचं म्हटलं की आमचा हात आखडतो.

पोरांनी आपापली ठिकाणं शोधली. कुणी औषधाच्या दुकानात, कुणी पतसंस्थेत, कुणी माती तपासायच्या लॅबमध्ये. एकाच्या मामाचं मोबाइलचं दुकान होतं. दोन गिऱ्हाईकं एकदम आली तर एकाला रस्त्यावर उभं राहावं लागे, पण मामानं भाच्याला दिलेल्या प्रमाणपत्रावर 'आमच्या कंपनीच्या प्रगतीत यांचा सिंहाचा वाटा आहे' असं सोनेरी अक्षरात छापलेलं. खाली शिक्का. मला शिक्क्यांचा फार आदर आहे.

आणि माझ्याच विषयाची, वनस्पतिशास्त्राची एक मुलगी गेली बियाण्याच्या प्लॉटवर.

आमच्या भागात हिरव्या जाळीखाली मिरची-टमाट्याचं बियाणं तयार करतात. एका जातीच्या झाडाचा पराग दुसऱ्या जातीच्या फुलाला हातानं लावायचा. आदल्या दिवशी ज्यावर बी धरायचं त्या झाडाच्या न उमललेल्या कळीतून चिमट्यानं नर भाग काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलाला पराग लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. या सगळ्याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. आजीबाईसुद्धा क्रॉसिंगला जाते असंच सांगतात. मुलीची आई त्याच प्लॉटवर रोजानं जायची. मुलीनं ठरवलं, इंटर्नशिप इथंच करायची. मी सही केली. सही करताना वर पाहिलं नाही, कारण पुढं रांग होती.

ही मुलगी वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि घंटा झाल्यावर प्रश्न विचारायची. घंटा झाल्यावर प्रश्न विचारणाऱ्या पोरांबद्दल मास्तरांच्या मनात काय असतं, ते मी इथं लिहीत नाही.

गुण भरायची मुदत सोमवारी होती आणि रविवारी मी मलकापुरात एका लग्नात होतो. परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. म्हटलं, आता सगळ्यांना फोन लावून टाकू, प्रत्यक्ष भेट म्हणजे तरी दुसरं काय असतं, आवाज तर तोच. मोताळा मागं पडेपर्यंत औषधवाले, पतसंस्थावाले आटोपले. मामांनी फोनवरही सिंहाचा उल्लेख केला. बस घाट चढायला लागली तेव्हा मी प्लॉटच्या मालकाला फोन लावला. त्यांना सगळा गाव काका म्हणतो. माणूस मोठा बागायतदार आणि आवाज ट्रॅक्टरच्या वरचा.

मी म्हणालो, "काका, आमची विद्यार्थिनी कशी आहे कामाला?"

"तिचं तर विचारूच नका सर!" काका ओरडले. "आता तिला काही सांगताच येत नाही! मला मालकाला दारात अडवती! परवा तर..."

आणि घाटात रेंज गेली.

एखाद्यानं रेंज आल्यावर परत फोन लावला असता. पण मी आज्ञाधारक माणूस. विचारूच नका म्हणाले, मी विचारलं नाही. मालकाला दारात अडवते म्हणजे काय! मी मनाशी म्हटलं, वर्गात तोंड चालवते ती चालवते, बाहेरही कॉलेजचं नाव घालवून आली. पोरीला एकदा समजलं पाहिजे. बुलढाण्याचा स्टँड येईपर्यंत मी तिला पन्नासपैकी अठरा दिले. मामाच्या भाच्याला अठ्ठेचाळीस. दोन कापले, कारण पैकीच्या पैकी दिले की लोकांना शंका येते.

मंगळवारी ती स्टाफरूमच्या दारात उभी.

"सर, अठरा?"

"हो."

"पन्नासपैकी?"

"मग काय वीसपैकी?" मी म्हणालो. शेजारचे दोघं हसले. माझे विनोद स्टाफरूममध्ये चालतात.

ती हसली नाही. "कुठं कमी पडले, तेवढं सांगा."

"तुला कुणी काही सांगितलेलं खपत नाही म्हणे."

"मला? काकांनी सांगितलं असं?"

"स्वतःच्या तोंडानं."

ती दारातून माझ्या टेबलापर्यंत आली. मग म्हणाली, "सर, मी आईच्याच ओळीत उभी राहायचे. तिला रोज मिळायचा, मला नाही. मीच म्हणाले होते काकांना, मला रोज नको, मला श्रेयांक आहेत. आता ना रोज, ना श्रेयांक. मग मी तिथं केलं काय इतके दिवस? मजुरी म्हणावं तर पैसे नाहीत, शिक्षण म्हणावं तर नापास."

शेजारचे दोघं आपापल्या वह्यांत बघायला लागले.

ती पुढं म्हणाली, "हे चार श्रेयांक नाही आले तर पदवी अडकते सर. एमएस्सीची जागा जाते या वर्षीची. आणि आई म्हणेल, तुला आधीच म्हणलं होतं, रोजच घे."

"मग आता काय करायचं म्हणतेस?"

"तुम्ही भेट देणार होतात. नियमात आहे. या आणि बघा. मग अठराचे आठ करा, मी पुन्हा दारात येणार नाही."

नियमातली ती ओळ तिनंही वाचली होती. तिचं वाचन माझ्यापेक्षा बरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली. तपासणीला जायचं म्हणून पांढरा शर्ट, खिशाला पेन. बायको म्हणाली, "कोनाच्या लग्नाले चालले आता?"

प्लॉटच्या दाराशी पाण्याची बादली, साबण आणि जाळीला तारेनं बांधलेली एक पाटी. 'हात धुतल्याशिवाय आत नाही. मालकसुद्धा.' अक्षर ओळखीचं होतं, उत्तरपत्रिकांत पाहिलेलं. मी हात धुतले. आत हिरवट उजेड, मिरचीच्या ओळी, ओळींत बायका वाकलेल्या, बोटांना परागाची इवली डबी, गप्पा चालू आणि हातही चालू. मुलगी एका ओळीच्या तोंडाशी होती. तिनं मला पाहिलं, मान हलवली आणि परत फुलाकडे वळली. काका आतून पुढं आले. म्हणाले, "या सर, या. हात धुतले ना? नाहीतर आपल्या दोघांची काही खैर नाही."

आता मी काही अडाणी माणूस नाही. परागीभवन हा धडा मी इतकी वर्षं शिकवतोय की झोपेतही फळ्यावर फूल काढीन. बायका माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, दोन शब्द बोलावेत. बोललो. पुंकेसर, स्त्रीकेसर, सगळं बोललो. आणि बोलता बोलता, वर्गात फूल दाखवायची जी सवय आहे ना हाताला, त्या सवयीनं समोरच्या झाडावरचं एक फूल खुडलं आणि सगळ्यांना दिसावं म्हणून वर धरलं.

त्याच्या देठाला निळा दोरा होता.

सगळ्या ओळी एकदम थांबल्या. गप्पाही थांबल्या.

"सर! हात!" मुलगी कडाडली. "दोरा दिसत नाही? दोरा म्हणजे क्रॉसिंग झालेलं! काल आईनं कळी उघडली, आज सकाळी पराग लावला, आणि तुम्ही तोडलं? हात मागं! मागं घ्या हात! आणि ओळीतून बाहेर या आधी!"

मी हात मागं घेतले. ओळीतून बाहेर आलो. फूल कुठं ठेवावं कळेना, म्हणून खिशात पेनाशेजारी ठेवलं.

आणि काका हसायला लागले. असे हसले की जाळीच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं त्यांना. "बघा! बघा! म्हणलो होतो ना फोनवर, तिचं तर विचारूच नका! मलाबी असंच झापती!"

"म्हणजे... तक्रार नव्हती ती?"

"तक्रार? अहो सर, ही पोरगी आली तेव्हा मी सांगायचो आणि ती ऐकायची. आता तिला काय सांगणार? सांगायला राहिलं काय? शेजारच्या टमाट्याच्या प्लॉटवरनं मी तसाच आत यायला लागलो की दारात आडवी. म्हणती, काका, हात, तिकडचा रोग इकडं नको. जातीबाहेरचं एखादं झाड ओळीत घुसलं तर माझ्याआधी हिला दिसतंय. गेल्या आठवड्यात बियाणं कंपनीचा माणूस आला तपासायला, तो तसाच चालला होता आत, त्यालाबी बादलीकडं पाठवलं. तो मला म्हणतो, काका, हे माणूस कुठून आणलं? हेच सांगत होतो तुम्हाला फोनवर. किती वेळ एकटाच बोलत होतो मी!"

"रेंज गेली होती."

"मग परत लावायचा ना फोन."

"तुम्हीच म्हणालात, विचारूच नका."

काकांनी वळून मी फोन परत का लावला नाही ते सगळ्या ओळींना ऐकू जाईल असं सांगितलं, अगदी माझ्या आवाजाच्या नकलेसकट. तो माणूस हे 'विचारूच नका' हात उंचावून, डोळे मोठे करून म्हणतो, ते मला त्या वेळी दिसलं. फोनवर हात दिसत नाहीत.

बायका हसत होत्या. एकीनं मान वर न करता विचारलं, "सर, मग कुणी म्हणलं, बसा, जाऊ नका, तर तुम्ही राहायलाच येता का?"

ती मुलीची आई होती. पोरगी कुणावर गेली ते कळलं.

मुलगी मात्र अजून हसली नव्हती. माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "सर, मघाशी जोरात बोलले. त्याचे गुण कापणार का?"

आजवर मला विद्यार्थ्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. उत्तर लगेच आणि खरं आलं असा हा एकच. "नाही," मी म्हणालो. "त्याचेच देणार."

त्याच दुपारी मी प्राचार्यांसमोर उभा राहिलो. प्लॉटवरची हकिकत ऐकवून अठरा हा आकडा चुकला, दुरुस्तीचं पत्र विद्यापीठाला पाठवावं लागेल, असं सांगितलं. प्राचार्य शांत माणूस, पण त्यांची शांतता ओरडण्यापेक्षा जड. म्हणाले, "एक अडचण आहे. आई जिथं मजुरीला जाते, तिथंच मुलगी. मग ती इंटर्नशिप कशी? ते घरचंच काम झालं. उद्या सगळेच तसं म्हणतील."

"सर, मामाच्या मोबाइलच्या दुकानात बसला त्याला आपण अठ्ठेचाळीस दिलेत."

"ते दुकान आहे."

"हे शेत आहे. आणि सर, आपण शेतकऱ्यांची पोरं शिकवतो. शेतातलं शिकणं आपणच मोजलं नाही, तर मोजणार कोण? मामा?"

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं कुणास ठाऊक. मी एरवी प्राचार्यांपुढं 'हो सर' याच्या पुढं जात नाही. ते माझ्या खिशाकडे बघत होते. फूल तिथंच होतं, दोऱ्यासकट.

"आणि ते फूल कुणी तोडलं म्हणालात?"

"मी."

"वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांनी."

"होय सर."

"हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

"नको, सर."

"मग त्या काकांना बोलवा. गुण फोनवर ठरणार नाहीत."

काका आले. इस्त्रीचा सदरा, खांद्यावर उपरणं, कॉलेजात पहिल्यांदाच. खुर्चीत अगदी कडेला बसले. प्राचार्यांनी विचारलं, पन्नासपैकी किती द्याल? मी मनात म्हटलं, आता पन्नास येणार. मी मनातल्या मनात अभिनंदनाचं भाषणही सुरू केलं होतं.

काकांनी बराच विचार केला. बोटांवर काहीतरी मोजलं. "बेचाळीस," म्हणाले.

"का?" मीच ओरडलो. "तुम्हीच म्हणालात की, सांगायला काही राहिलं नाही!"

"माझ्या प्लॉटवर पन्नास कुणालाच नाही सर. मलाबी नाही. आणि तुम्हाला तर..."

"ते राहू द्या," मी म्हणालो.

प्राचार्य पहिल्यांदाच हसले. बेचाळीस मंजूर झाले. पण तेवढ्यावर त्यांनी मला सोडलं नाही. बाकी प्रत्येक ठिकाणीही समन्वयकानं स्वतः जाऊन यावं असा हुकूम निघाला. मी गेलो. औषधाच्या दुकानातला एक अबोल मुलगा, ज्याला मी फोनवरून तेवीस दिले होते, तो त्या दुकानाचा अर्धा कारभार बघत होता, त्याचे वाढले. मोबाइलच्या दुकानाला कुलूप होतं. मामा लग्नाला, भाचा त्याच वरातीत नाचायला. भाच्याला नंतर पतसंस्थेत बसवलं. तिथं त्यानं खरंच मनापासून काम केलं आणि चौतीस मिळवले. स्वतः येऊन सांगून गेला, सर, हे माझे आहेत. अठ्ठेचाळीस मिळाले तेव्हा तो मला कधी भेटायला आला नव्हता.

बेचाळीस कळले तेव्हा मुलगी नोटीस बोर्डापासून थेट माझ्याकडे आली. मला वाटलं, आता आभार मानेल. मी चेहरा त्या तयारीत ठेवला.

"सर, आठ कशाचे गेले?"

"ते काकांना विचार."

"विचारू ना?" ती म्हणाली. आणि यावेळी हसली. स्टाफरूममध्ये अजून माझे विनोद चालतात, पण त्या दिवशी तिचा जास्त चालला.

ती खरंच गेली विचारायला. आठ कशाचे, ते काकांनी तिला सांगितलं. ते दोघांतच राहिलं. मला एवढंच कळलं की ती पूर्ण दुपार तिथं होती आणि आईनं त्या दिवशी चहाबरोबर भजी केली. आई नंतर बाजारात भेटली, भाजी निवडत होती. म्हणाली, "सर, पोरीला रोज घे म्हणत होते मी. बरं झालं, नाही ऐकलं." एवढंच. आणि पिशवी उचलून गेली. पण दोन पावलं गेल्यावर वळून विचारलं, "एमएस्सीला क्रॉसिंग शिकवतात का हो?"

"शिकवतात."

"मग तिथंबी ती पाटी लावंल," आई म्हणाली. तिची मान जरा वर होती. माझीही असावी, कारण पुढं चालताना मी एका हातगाडीला धडकलो.

मला माझ्या नोकरीत अभिमान वाटावा असे प्रसंग थोडे. बहुतेक प्रसंग सांगताना मी आवाज खाली घेतो. पण या पोरीचे चार श्रेयांक तिच्या गुणपत्रकावर तिच्या कामाचे म्हणून आले, मेहेरबानीचे म्हणून नाही, हे मी कुठंही मोठ्यानं सांगतो. मलकापूरला सांगितलं, लग्नात सांगितलं, बसमध्ये अनोळखी माणसालाही सांगितलं. बायको म्हणते, "पोरीची गोष्ट सांगून राह्यले का सोताची?" दोन्ही, म्हणतो मी.

या वर्षी प्लॉटवर माझ्या विभागाची पाच मुलं इंटर्नशिपला आहेत. काकांनी स्वतः मागून घेतली. संक्रांतीच्या सुट्टीत एमएस्सीला गेलेली ती मुलगी घरी आली होती, तेव्हा मीही पोरांना घेऊन तिथं गेलो. दारात तीच बादली, तीच पाटी, फक्त शाई नवी. पोरांनी हात धुतले, मी धुतले. आत तिनं पोरांना ओळी दाखवल्या, दोरा दाखवला, कळी कशी धरायची ते दाखवलं. मी जरा मागं, दोन्ही हात खिशात घालून उभा होतो.

शेवटी ती म्हणाली, "काही शंका?"

पोरांनी मानेनंच नाही म्हटलं.

"बरं, मग एकच लक्षात ठेवा," ती पोरांना म्हणाली. "कामात काही अडलं तर काकांना विचारा, आईला विचारा. आणि सर फुलाजवळ आले की हातांकडे लक्ष ठेवा."